तेवीस हंगामांचा हिशेब

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या क्रीडापानावर गेल्या पंधरवड्यात आमच्या भागातील टेनिस क्रिकेट स्पर्धांचे जे वृत्तांत आले, ते मी नेहमीप्रमाणे कात्रणे काढून ठेवण्याइतक्या आवडीने वाचले. त्यांपैकी एका वृत्तांतात, मैदानाबाहेरच्या माडांवरून चेंडू घालविणाऱ्या एका तरुणाचे कौतुक करताना, त्याने अमेरिकेतील बेसबॉलपटूंप्रमाणे मागचापुढचा विचार न करता अंगातली सारी ताकद फटक्यात ओतली, अशा अर्थाचे एक वाक्य आहे. त्या तरुणाच्या कौतुकाविषयी माझी काहीच तक्रार नाही. तो षटकार मीही बांधावर उभा राहून पाहिला आणि टाळ्या वाजविल्या. परंतु ज्या खेळाडूंच्या नावाने ही उपमा दिली गेली, त्यांच्यापैकी निदान एकाची कारकीर्द या वाक्याच्या अगदी उलट साक्ष देते, आणि ती आपल्या वाचकांपुढे यावी एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तो खेळाडू म्हणजे हँक अ‍ॅरन.

बेसबॉलशी माझा संबंध कसा आला हे प्रथम सांगितले पाहिजे, कारण हर्णैच्या माणसाने या विषयावर पत्र लिहावे याचे कोणालाही नवल वाटेल. तरुणपणी मी मालवाहू जहाजावर खलाशी होतो, आणि १९७७ च्या आरंभी आमचे जहाज अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मोबाइल या बंदरात काही दिवस थांबले होते. हे अ‍ॅरनचे जन्मगाव. आदल्याच वर्षी तो निवृत्त झाला होता आणि धक्क्यावरच्या कामगारांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. त्यांच्यापैकी एका वयस्क कृष्णवर्णीय कामगाराने जेवणाच्या सुट्टीत मला हा खेळ समजावून दिला, तोही लाकडाची एक काठी आणि शीतपेयाच्या बाटलीची बुचे घेऊन. अ‍ॅरन लहानपणी असाच शिकला होता. चेंडू आणि बॅट विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे झाडूच्या दांड्याने बाटलीची बुचे मारायची, हा त्याचा सराव. हवेत फेकलेले बूच सरळ येत नाही. ते हेलकावे खात, मध्येच खाली बसत येते, त्यामुळे ते अगदी जवळ येईपर्यंत थांबावे लागते आणि मग केवळ मनगटाच्या झटक्याने त्याला गाठावे लागते. माडाच्या झावळीच्या देठाची बॅट करून खेळलेल्या, किंवा विटी उडवून दांडूने ती अधांतरी टोलविलेल्या आपल्याकडच्या कोणालाही यातील मर्म वेगळे सांगण्याची गरज नाही.

अ‍ॅरनचा जन्म ५ फेब्रुवारी १९३४ चा. त्याचे वडील मोबाइलच्या गोदीत बॉयलर बनविणाऱ्या कारागिराच्या हाताखाली मदतनीस होते. माझगाव गोदीत ज्यांच्या दोन-दोन पिढ्या राबल्या, अशी घरे आमच्या वाडीत आजही आहेत, म्हणून हा तपशील माझ्या मनात पहिल्यापासून रुतून बसला. मुलगा उजव्या हाताने खेळणारा असूनही बॅट धरताना डावा हात वर आणि उजवा खाली ठेवीत असे, म्हणजे नेमकी उलटी पकड. शिकवायला कोणी नसल्याचाच हा परिणाम. पुढे व्यावसायिक खेळात आल्यावर ती पकड सुधारली गेली. परंतु बॅट उशिरापर्यंत मागे रोखून धरण्याची आणि मनगटाने फटका मारण्याची त्याची खोड बदलली नाही, आणि तीच त्याची पुंजी ठरली. सहा फूट उंची आणि साधारण ऐंशी-ब्याऐंशी किलो वजन, म्हणजे धिप्पाड म्हणता येईल असा तो मुळीच नव्हता.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅम वजनाचा, म्हणजे आपल्या टेनिस चेंडूच्या अडीचपट जड आणि टणक असतो. तो साठ फूट सहा इंचांवरून टप्पा न पाडता थेट फेकला जातो. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचायला सेकंदाचा जेमतेम चार-दशांश भाग लागतो, आणि तेवढ्यात तो वळतो किंवा खाली बसतो. बॅट आपल्यासारखी सपाट नसून गोल असते. मागे किंवा बाजूला चेंडू सरकवून धाव काढण्याची सोय नाही, कारण फटका समोरच्या काटकोनाच्या आतच गेला पाहिजे. चेंडू कुंपणापलीकडे गेला की होमरन. ते कुंपण कडेला साधारण ३३० फुटांवर आणि मध्यभागी ४०० फुटांच्या आसपास असते. तीनदा चुकले की फलंदाज बाद. या परिस्थितीत विचार न करता बॅट फिरविणारा माणूस एक हंगामही टिकणार नाही. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. विटीदांडूत आपण वकट, लेंड, मूंड असे म्हणत अंतर मोजतो आणि विटी जितकी लांब जाईल तितका डाव वाढतो. होमरनचे तसे नाही. कुंपणाला चाटून पलीकडे पडलेला चेंडू आणि त्याच्याही दीडशे फूट पुढे गेलेला चेंडू यांची किंमत एकच. क्रिकेटच्या षटकाराचेही तेच आहे, हे आपण स्पर्धा भरविताना विसरतो.

लांब फटक्यांचा राजा म्हणून अमेरिकेत मिकी मँटलचे नाव घेतले जाते. १७ एप्रिल १९५३ रोजी वॉशिंग्टनच्या मैदानावर त्याने मारलेला एक चेंडू ५६५ फूट गेल्याचे त्या वेळी छापून आले. ते मोजमाप कितपत खरे यावर पुढे पुष्कळांनी शंका घेतल्या, पण दंतकथा मात्र कायम राहिली. हा असामान्य खेळाडू गुडघ्यांच्या दुखण्याने जर्जर होऊन १९६८ नंतर थांबला, तेव्हा त्याच्या नावावर २,४०१ सामने आणि ५३६ होमरन होते, आणि तो तीनदा चुकून बाद झाला होता १,७१० वेळा. रेजी जॅक्सन या दुसऱ्या महाबलीचे ५६३ होमरन, परंतु तसे बाद होणे २,५९७ वेळा, जो आजही विक्रम आहे. अ‍ॅरन या दोघांहून कितीतरी अधिक, म्हणजे ३,२९८ सामने खेळला. आणि तीनदा चुकून बाद होण्याची त्याची संख्या १,३८३. एकाही हंगामात ती शंभरावर गेली नाही. मला विचाराल तर त्याच्या ७५५ होमरनपेक्षाही हा आकडा अधिक विलक्षण आहे, कारण जोरकस फलंदाजाने चेंडू चुकवायचाच असतो, अशी जी समजूत आपल्याकडेही रूढ झाली आहे, तिला तो मुळातच छेद देतो.

मिलवॉकी ब्रेव्हज संघात त्याला जागा मिळाली तीही दुसऱ्याच्या दुखापतीमुळे. १९५४ च्या सरावाच्या काळात बॉबी थॉमसनचा घोटा मोडला आणि वीस वर्षांच्या अ‍ॅरनला मैदानात उतरविण्यात आले. त्या पहिल्या वर्षी त्याचे होमरन फक्त १३. हंगाम संपण्यापूर्वी त्याचाही घोटा मोडला. पुढच्या वर्षी २७, मग २६. १९५७ मध्ये ४४, आणि त्याच वर्षी संघाला जगज्जेतेपद. तेथून पुढचे आकडे मी माझ्या वहीत उतरवून ठेवले आहेत: ३०, ३९, ४०, ३४, ४५, ४४, २४, ३२, ४४, ३९, २९, ४४, ३८, ४७, ३४, ४०. एखाद्या घरातील भाताच्या उत्पन्नाची वर्षानुवर्षांची नोंद वाचावी तसे हे वाटते. कधी पाऊस कमी, कधी जास्त, पण कोठार कधी रिकामे नाही. अ‍ॅरनच्या आधी एकूण होमरनचा विक्रम ज्याच्या नावावर होता त्या बेब रुथने एका वर्षी ६० मारले, रॉजर मॅरिसने १९६१ मध्ये ६१ मारले. अ‍ॅरनला पन्नासाचा आकडा एकदाही गाठता आला नाही. तरीही १९५५ ते १९७४ अशी सलग वीस वर्षे त्याने वीस किंवा अधिक होमरन मारले, आणि तीस किंवा अधिक मारलेली वर्षे पंधरा भरतात. त्याच्या पाठीवरचा क्रमांक ४४ होता आणि चार वेगवेगळ्या हंगामांत त्याने बरोबर ४४ होमरन मारले, हा योगायोग त्या धक्क्यावरच्या कामगाराने मला इतक्या आनंदाने सांगितला की जणू ते त्यानेच ठरवून घडविले होते.

त्याच्या सर्व प्रकारच्या यशस्वी फटक्यांची संख्या ३,७७१ आहे. यातून ७५५ होमरन वजा केले तरी ३,०१६ उरतात, आणि केवळ तीन हजारांचा टप्पा गाठणे हीच बेसबॉलमध्ये आयुष्याची कमाई समजली जाते. याचा अर्थ, त्याने आयुष्यात एकही होमरन मारला नसता तरी तो मोठाच फलंदाज ठरला असता. दोन वर्षी, १९५६ आणि १९५९ साली, नॅशनल लीगमध्ये सर्वोत्तम सरासरीचा मान त्याचा होता. १९६३ मध्ये ४४ होमरनबरोबर ३१ वेळा त्याने बेस चोरला, म्हणजे गोलंदाजाचा डोळा चुकवून धावत पुढचा थांबा गाठला. एकाच हंगामात दोन्ही गोष्टी तिसाच्या वर नेणे त्यापूर्वी केवळ दोघांना जमले होते. क्षेत्ररक्षणासाठीचा सुवर्ण हातमोजा तीन वर्षे त्याच्याकडे होता. फटक्यांच्या जोरावर मिळविलेले एकूण बेस ६,८५६, हा विक्रम अद्याप त्याचाच आहे. दोन बेसमधील अंतर नव्वद फूट असते. मी कागदावर गुणाकार करून पाहिला, ते सुमारे १८८ किलोमीटर होते. दुसऱ्या क्रमांकावरील अल्बर्ट पुहोल्स त्याच्यापेक्षा ६४५ बेस मागे, म्हणजे साधारण हर्णैहून दापोलीला जाण्याइतका मागे आहे.

न्यायाची गोष्ट म्हणून दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. रुथने आपले ७१४ होमरन ८,३९९ डावांच्या संधींत मारले, तर अ‍ॅरनला ७५५ साठी १२,३६४ संधी लागल्या, म्हणजे रुथचा वेग निःसंशय अधिक होता. अ‍ॅरनचे टीकाकार हाच मुद्दा पुढे करीत. ब्रेव्हज संघ १९६६ मध्ये अटलांटाला गेला. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फूट उंचीवर असल्यामुळे तेथील विरळ हवेत चेंडू अधिक दूर जातो, असेही म्हटले जाई, आणि त्यात तथ्य आहे. परंतु बारा हजारांवर संधी मिळाल्या याला दोष म्हणायचे की गुण, हा प्रश्न उरतोच. तेवीस वर्षे कोणी उगाच संघात ठेवीत नाही.

या वीस-बावीस वर्षांत त्याला जे सोसावे लागले, त्याचा उल्लेख टाळून त्याच्या कारकिर्दीविषयी बोलता येणार नाही. जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू १९४७ मध्ये मैदानात उतरेपर्यंत प्रमुख संघांची दारे कृष्णवर्णीयांना बंदच होती. अ‍ॅरनने १९५२ मध्ये इंडियानापोलिस क्लाउन्स या कृष्णवर्णीयांच्या संघातून सुरुवात केली, तेव्हा वॉशिंग्टनच्या एका उपाहारगृहात त्यांना जेवण वाढले गेले, पण जेवून झाल्यावर आत त्यांच्या बश्या फोडल्याचा आवाज त्यांना ऐकू आला. ही आठवण त्याने स्वतः सांगितलेली आहे. महाडच्या चवदार तळ्याच्या जिल्ह्याला लागून राहणाऱ्या आपल्या वाचकांना त्या आवाजाचा अर्थ उलगडून सांगायला नको. पुढच्या वर्षी जॅक्सनव्हिलच्या संघात तो लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, आणि तरीही आपल्या गोऱ्या सहकाऱ्यांच्या हॉटेलात त्याला उतरता येत नव्हते.

१९७३ च्या हंगामाअखेर त्याचे ७१३ होमरन झाले होते. रुथच्या विक्रमाला एकच कमी. वय एकोणचाळीस, आणि त्या एका हंगामात चाळीस होमरन. सबंध हिवाळा थांबावे लागणार होते. त्या वर्षी त्याला सुमारे नऊ लाख तीस हजार पत्रे आली, असे अमेरिकेच्या टपाल खात्यानेच मोजून सांगितले. बरीच पत्रे प्रोत्साहनाची होती, पण पुष्कळ पत्रांत शिव्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या होत्या. एका कृष्णवर्णीयाने रुथला मागे टाकावे हे लिहिणाऱ्यांना सहन होत नव्हते. त्याच्या मुलीच्या अपहरणाच्या धमकीमुळे केंद्रीय तपास यंत्रणेला लक्ष घालावे लागले. अ‍ॅरनने ती पत्रे जपून ठेवली, आणि खेळत राहिला. ४ एप्रिल १९७४ रोजी सिनसिनाटी येथे, मोसमातील पहिल्याच संधीला, ७१४ वा. ८ एप्रिलला अटलांटात ५३,७७५ प्रेक्षकांसमोर, डॉजर्स संघाच्या अल डाउनिंगच्या चेंडूवर, ७१५ वा. डाउनिंगच्या पाठीवरही ४४ हाच क्रमांक होता. अ‍ॅरन धावत परतला तेव्हा त्याच्या आईने त्याला घट्ट मिठी मारली.

त्यानंतरची कथा थोडक्यात आटोपते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टोकियोत जपानच्या सादाहारू ओहबरोबर झालेली होमरनची चुरस त्याने १० विरुद्ध ९ अशी जिंकली. ओहने पुढे जपानी लीगमध्ये ८६८ पर्यंत मजल मारली. शेवटची दोन वर्षे अ‍ॅरन मिलवॉकीच्या ब्रूअर्स संघाकडून खेळला, आणि २० जुलै १९७६ रोजी शेवटचा, ७५५ वा होमरन त्याने तेथेच मारला. १९८२ मध्ये थोर बेसबॉलपटूंच्या मानाच्या सभागृहासाठी (हॉल ऑफ फेम) ४१५ मतांपैकी ४०६ त्याला मिळाली. उरलेले नऊ मतदार तेवीस वर्षे काय पाहत होते कोण जाणे. २००७ मध्ये बॅरी बाँड्सने त्याला मागे टाकले आणि ७६२ वर तो थांबला. बाँड्सभोवती उत्तेजकांच्या संशयाचे धुके असताना अ‍ॅरनने ध्वनिचित्रफितीतून त्याचे सभ्य शब्दांत अभिनंदन केले, यापलीकडे त्या वादात मी शिरत नाही. २२ जानेवारी २०२१ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी अ‍ॅरनचे निधन झाले.

आता आपल्या मैदानांकडे येतो. भात निघाल्यावर मळ्यात खेळपट्टी चोपून तयार होते, मुंबईचे चाकरमानी रजा टाकून येतात, कर्ण्यावरून समालोचन सुरू होते, आणि गेल्या काही वर्षांत बहुतेक स्पर्धांत ‘सर्वांत लांब षटकार’ असे एक वेगळे रोख बक्षीस जाहीर होऊ लागले आहे. त्याचा परिणाम मी बांधावरून पाहतो. चौदा-पंधरा वर्षांची मुले पहिल्याच चेंडूवर पाय काढून बॅट फिरवितात आणि तीन चेंडूंत तंबूत परततात, कारण आठवड्याभराच्या संयमी खेळाला जे मिळत नाही ते एका फटक्याला मिळते. आमच्या स्पर्धेतला एक मुलगा सात सामन्यांत केवळ दोनदा बाद झाला. त्याने षटकारही मारले, पण सगळे सीमारेषेला खेटून पडणारे. त्याचे नाव समालोचकानेही क्वचितच घेतले आणि वृत्तांतात तर ते आलेच नाही. लांब षटकार मारणाऱ्याचे छायाचित्र मात्र चार स्तंभी होते.

माझी आपणांस विनंती एवढीच आहे की, पुढील हंगामापासून या स्पर्धांचे वृत्तांत छापताना प्रत्येक संघाच्या प्रमुख फलंदाजांनी किती सामन्यांत किती धावा केल्या, किती चेंडू खेळले आणि किती वेळा बाद झाले, एवढी एक लहानशी चौकट द्यावी. आणि दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस तीच नोंद मागील वर्षांसह एकत्र छापावी. जागेची अडचण असेल तर छायाचित्र दोन स्तंभी केले तरी चालेल. वार्ताहरांवर याचा भार पडू नये म्हणून आयोजकांकडूनच गुणवहीची प्रत मागवून घेता येईल. बहुतेक ठिकाणी ती लिहिली जाते, पण सामना संपला की कोणी तिच्याकडे पाहत नाही. आमच्या वाडीच्या गेल्या तीन वर्षांच्या सामन्यांची गुणवही माझ्याकडे आहे. तिच्या छायाप्रती या पत्रासोबत टपालाने पाठवीत आहे. अक्षर माझेच असल्यामुळे वाचताना काही अडले तर कळवावे, मी समक्ष येऊन सांगेन.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त खलाशी
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी